मुक्कामाचा माळ

दारव्हा, ता. ८ एप्रिल १९५८

तीर्थरूप नेमसिंगकाकांस,
धरमसिंगाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

बाजारात तांड्यावरची माणसे भेटली. माझी बहीण जमना नवव्या महिन्यातही डोहावरून घागर घेऊन माळ चढते म्हणे. तेव्हापासून शाळेत लक्ष लागत नाही. त्या खडकावर झाड जगत नाही, विहिरीला पाणी लागत नाही, आणि आपण तिथे माणसे ठेवतो! का, तर पणजोबा बैलांवर मीठ लादून हिंडत तेव्हा मानाचा बैल बसे तिथे मुक्काम पडे, आणि शेवटी तो या माळावर बसला. बैल दमला होता, काका. तो रात्रीपुरता बसला, आपण जन्माचे बसलो. तुम्ही तांड्याचे नायक. तांडा डोहाकाठी उतरवा.

ऐकले नाहीत तर भांडायला येईन, पण येईन तुमच्याच घरी.

आपला धरमसिंग

माळतांडा, घाटंजी, ता. १५ एप्रिल

चि. धरमसिंगास अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र चारचौघांत वाचलं. बुढे म्हनाले, मास्तरचं भाषण कागदावरही थांबत नाही. पन माह्ये दोन भाऊ त्याच डोहाकाठी हिवतापानं गेले, हे तुले कोनी सांगतलं नाही. वर पानी नाही, पन वारा हाये. जमनाले घागर उचलू नको म्हनलं. ऐकत नाही. तुहीच बहीण.

राग धर, पन माया सोडू नको.

नेमसिंग

दारव्हा, ता. २१ एप्रिल

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

भावांचे ठाऊक नव्हते, वाईट वाटले. पण हिवतापावर आता फवारणी निघाली आहे. खडकावर काय फवारणार? रविवारी जमनेला न्यायला येतो. रागावलात तरी जेवू घाला.

धरमसिंग

डोहाकाठी, ता. ४ मे

चि. धरमसिंगास आशीर्वाद.

त्या रविवारी जमनानं तुलेही नाही म्हनलं. मी एकटीच सुटून काय करू, म्हनली. तू चिडून गेला. दोन दिवसांनी ती डोहावरून परतलीच नाही. मी पाहाले गेलतो. साऱ्या बाया तिच्याजवळ बसून होत्या. लेकरू इथंच होईल, वर चढत नाही, असं तिनं मले तोंडावर सांगतलं. बायाही उठेनात. सांजेपर्यंत वर कोनाच्याच घरी पानी नव्हतं. मंग मीच माह्या झोपडीची पयली बल्ली उपटून खाली आनली. पन जीव थाऱ्यावर नाही. पोरायच्या कपाळाले हात लावत फिरून राह्यलो. फवारनीवाले घेऊन ये, आन काकावरचा लोभ संगं आन.

काल मुलगी झाली. सुईन भुरीबाई तिले आंघोळ घालत होती. मी सवयीनं ओरडलो, पानी सांडू नका. बाया हसल्या. जमना हसली नाही. तिनं अजून एक घागर भरून आनाले सांगतलं.

नेमसिंग