चार हात दोरी

२ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आधी बातमी, मग खुशाली. काल आपण पुन्हा जिंकलो, दोन-शून्य. गुणतक्त्यात आता आपल्या वर कुणी नाही. खालच्या लीगमधून वर येऊन वर्षही झालं नाही, आणि सगळं असंच चाललं तर मे महिन्यात लागोपाठ दुसरी बढती! लोक रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतात. मी नुसता मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारणारा माणूस, पण सध्या मलाही भाव आलाय.

दोन्ही गोल गोफणमुळे झाले. तुला सांगितलं नव्हतं का? आपला उजवीकडचा बचावपटू. चेंडू बाजूच्या रेघेबाहेर गेला की हा दोन्ही हातांनी असा भिरकावतो की थेट गोलच्या तोंडाशी जाऊन पडतो. मग नुसतं डोकं लावायचं बाकी. पाहुण्यांच्या गोलरक्षकाचं तोंड बघायला तू हवी होतीस.

सेक्रेटरी म्हणाले, वर गेलो की मला मैदानाचा प्रमुख करणार. हाताखाली दोन माणसं आणि खुर्ची असलेली खोली. शेवटच्या सामन्यानंतर वरच्या लीगचा माणूस पोलादी टेप घेऊन मैदान मोजायला येणार आहे. आपल्या लीगमध्ये फाटकावरची मापांची पाटी वाचून सही करतात, तिकडे तसं चालत नाही म्हणे. मी सेक्रेटरींना म्हटलं, येऊ दे. एकवीस वर्षं आबांच्या दोरीनं रेघ मारतोय. बोटभर फरक निघाला तर फक्कीची गाडी तुमच्या दारात आणून लावीन.

तुमच्या क्लबचा ठावठिकाणा काय? तक्त्याच्या तळाशी शोधला, नाही सापडला, मग पान उलटून पाहिलं. मेहुण्यांना माझा नमस्कार सांग आणि त्यांचा चेहरा कसा झाला ते कळव.

वहिनी ठीक. लोभ पूर्वीइतकाच, फक्त थोडा वरच्या पायरीवरून.

तुझा दादा

९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांनी आधी वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जसे काही ते गोल मीच मारले. आणि मी तरी खोटं कशाला बोलू? माझ्याही पोटात दुखलं. तुझी खुर्ची, तुझी खोली, रस्त्यात तुझा हात हातात घेणारे लोक. वाचता वाचता माझा चहा गार झाला.

पण दादा, जरा ऐक. चार वर्षांपूर्वी आम्हीही असेच नाचलो होतो. एका दमात दोन पायऱ्या. वर गेल्यावर पहिल्या पाच सामन्यांत एकोणीस गोल खाल्ले. क्लब घाबरला, आमची घरची पोरं काढून बाहेरचे मोठे खेळाडू आणले, आणि पडायला लागल्यावर सगळ्यात आधी तेच निघून गेले. मामंजी आणि त्यांचे मित्र ज्या उतारावर तीस वर्षं उभे राहायचे, तो खणून तिथे खुर्च्या टाकल्या, कारण वरच्या लीगचा नियम. मामंजींच्या वाट्याला आलेली खुर्ची खांबाच्या मागे. आता आम्ही होतो त्याच्याही खाली आहोत. खुर्च्या रिकाम्या आहेत आणि खांब तेवढा जागेवर आहे.

शिवणकारखान्यात नव्या मुली आल्या की मी त्यांना पहिली गोष्ट सांगते, की कापड ओढून मापात बसवायचं नाही. ओढलेलं कापड पहिल्या धुण्यात आपली जागा दाखवतं. तुमच्या क्लबला अजून दोन वर्षं मुरू दे. वर जाणं कुठे पळून जात नाही.

आणि बोटभर फरकावर पैजा लावू नकोस. माझी वीत बरोबर आठ इंच भरते. टेप सापडली नाही की मुकादम म्हणतात, हिचा पंजा आणा. तरी कापायच्या आधी मी टेप लावतेच. तूही एकदा लावून बघ.

वहिनींना नमस्कार. लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच टिकव.

तुझी धाकटी

१६ मार्च

चि. धाकटीस आ.

जळतेस ते जळतेस, वर आम्हाला शहाणपण शिकवतेस! तुमचा क्लब बुडाला म्हणून आम्ही पाण्यात पायच घालायचा नाही का?

दोन वर्षं थांबा म्हणे. दोन वर्षांनी गोफणचा खांदा असाच राहील, हे तुला कुणी लिहून दिलंय? ताट समोर आल्यावर कुणी ‘भूक नंतर लागेल’ म्हणून उठतं का? आमचे फाटकवाले काकाही तुझ्यासारखंच बोलतात, वर गेलो तर आपटू. मी त्यांना विचारलं, मग दर रविवारी घसा कशाला फोडता, आपला संघ हरावा म्हणून? आपल्या माणसांनी जिंकावं, पण जरा बेतानं जिंकावं, असं मनात आणायला मला तरी जमत नाही.

तुझं लहानपणापासून असंच. आबांनी गुडघ्यांमुळे काम सोडलं आणि कमिटीसमोर दोरी माझ्या हातात दिली, तेव्हा आठ दिवस तू माझ्याशी बोलली नव्हतीस. मला वाटलं होतं, लग्नानंतर ते गेलं असेल.

आणि टेप? आबांच्या दोरीला? तिला आबांनी स्वतः मेण लावलंय. दोन्ही गोलांमधल्या मधल्या खुंटीला फास अडकवायचा, दोरी एकदा इकडे ताणायची, एकदा तिकडे, की मैदानाची रुंदी झाली. ती तपासायला मला तुझा कारखाना नको.

यंदा लोभाचं काय ते मे महिन्यात बघू.

दादा

३ एप्रिल

प्रिय वन्सं, स. न.

यांना न सांगता लिहितेय. तुमचं नाव काढत नाहीत, पण पेपर आला की आधी तुमच्या क्लबचा नंबर बघतात आणि मग आपला.

मला सवत नाही, पण ही दोरी आहे. माझ्या नव्या कोटाच्या खुंटीवर आता ती असते. तिला मेण आठवड्यातून दोनदा. माझ्या टाचांना भेगा पडल्यात, तिकडे लक्ष नाही. बायको म्हणून इतकं जळावं अशी ती काही देखणी नाही, पण जळते.

खरी गोष्ट वेगळीच. गेल्या सोमवारी कमिटीत कुणीतरी म्हणालं, तो माणूस येण्याआधी आपणच टेप लावून घेऊ. हे भडकले. भर बैठकीत कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, रुंदी पाटीप्रमाणे भरली नाही तर मी काम सोडीन. खाली सही. तो कागद आता सेक्रेटरींच्या काचेखाली आहे. रुंदी कमी निघाली तर क्लबची बढतीही अडेल म्हणतात.

तुमचं पत्र यांनी मला तावातावानं वाचून दाखवलं होतं. त्यातलं टेपचं एक वाक्य मला तेव्हापासून बोचतंय. वन्सं, तुम्ही ते उगाच लिहिलं नाहीत. काही माहीत असेल तर यांना सांगा. घरचा शेवटचा सामना दहा मेला आहे आणि मोजणी बारा तारखेला.

तुमच्यावर माझा लोभ आहे, म्हणून तर चहाडी करतेय.

तुमची वहिनी

२४ एप्रिल

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. सोबतचं पुडकं आधी उघडू नकोस.

सहा वर्षं दर शनिवारी दोरीचं दुसरं टोक कुणी धरलं होतं, आठवतंय? मी. आबा खुंटीपाशी वाकायचे आणि मी रेघेच्या टोकाला ताठ उभी राहायची. तेव्हा तू पोरांबरोबर चेंडू खेळत असायचास. आणि मग आबांनी दोरी तुला दिली. मला म्हणाले, तू आता मोठी झालीस, मैदानात बरं दिसत नाही. मी चौदा वर्षांची होते. कमिटीतल्या लोकांनी तुझी पाठ थोपटली आणि मला चहा आणायला पाठवलं.

त्याच दुपारी मी आईची कात्री घेतली आणि दोरी चार हात कापली. टोकाचा फास आबा बांधायचे तसाच बांधला, तो मला तुझ्याहून चांगला यायचा. उन्हाळ्याची सुट्टी होती, मैदानावर नवं गवत होतं, जुन्या रेघेचा मागमूस नव्हता. मला वाटलं, पहिल्याच सामन्याला सगळ्यांच्या लक्षात येईल, तुझी फजिती होईल आणि आबा मला हाक मारतील. कुणाच्या लक्षात आलं नाही. आबाही फाटकापाशी बाकावर बसून होते. आपण तीन-शून्य जिंकलो आणि लोकांनी पुन्हा तुझीच पाठ थोपटली.

मग सांगायचं राहून गेलं, आणि पुढे लाज वाटायला लागली. दादा, तुझं मैदान एकवीस वर्षं दोन्ही बाजूंनी चार-चार हात अरुंद आहे. गोफणचा चेंडू गोलच्या तोंडाशी का पडतो, ते आता तुझं तूच समज.

आणि हे मी आत्ताच का सांगतेय, हे मलाही धड कळत नाही. तुझी सही आणि तुझी अब्रू वाचावी म्हणून? की तुमचा क्लब वर जाऊ नये म्हणून? सकाळी एक उत्तर येतं, संध्याकाळी दुसरं. मोजणी सामन्यानंतर आहे, सामन्याआधी नाही. काय करायचं ते तू ठरव.

पुडक्यात तो तुकडा आहे. इतकी वर्षं माझ्या शिवणाच्या डब्यात तळाशी होता.

लोभ मागायला तोंड नाही.

तुझी धाकटी

१८ मे

चि. धाकटीस आ.

तुझं पत्र खिशात घालून मी मैदानावर गेलो आणि टेप लावली. चार हात इकडे, चार हात तिकडे. मग मैदानाच्या मधोमध बसून राहिलो. तुला इतक्या शिव्या दिल्या की लिहायची सोय नाही.

माझ्याही मनात आलं होतं, लपवत नाही. दहा तारखेचा सामना आहे त्याच मैदानावर उरकायचा, जिंकायचा, आणि अकराला गुपचूप रेघ बाहेर सरकवायची. सेक्रेटरींना सांगितलं की दोरी आखडली. तुझं नाव काढलं नाही. तेही हेच म्हणाले, एवढा रविवार जाऊ दे. पण एकवीस वर्षं चुकीची रेघ मारली ती न कळता. कळून एकदाच मारली असती, तरी ती लबाडी झाली असती. शनिवारी मी मैदान पूर्ण रुंद आखलं.

गोफणनं अकरा वेळा चेंडू फेकला. अकराही वेळा चार हात अलीकडे पडला आणि त्यांच्या पहिल्याच माणसानं डोक्यानं उडवला. पोरगा रेघेकडे आणि स्वतःच्या हातांकडे आळीपाळीनं बघत होता. एक-एक बरोबरी. एका गुणानं शेजारचा क्लब वर गेला. त्यांची बस आपल्या फाटकासमोरून गाणी म्हणत गेली आणि माझ्या पोटात जे काही पेटलं ते अजून विझलं नाही. तू हे चौदाव्या वर्षापासून एकटीनं कसं सोसलंस?

फाटकवाले काका म्हणाले, बरं झालं, अजून आपण वरचे नव्हतो. मी त्यांच्याशी बोलत नाही. तूही तसं लिहू नकोस. तुझं म्हणणं बरोबर होतं आणि तू जळतही होतीस. मला त्यातलं एकच वाचता आलं.

संध्याकाळी गाडी ढकलत नेऊन सेक्रेटरींच्या दारात लावली. सही म्हणजे सही. तीन दिवस ती तिथेच होती. चौथ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आली, आत तो कागद चार तुकडे करून ठेवलेला. वहिनीनं ते तुकडे केरात टाकले आणि खुंटीवर परत स्वतःचा कोट अडकवला.

आता कामाचं. तुझा तुकडा मी दोरीला जोडलाय. गाठीत एक वीत दोरी गेली. त्या शनिवारी ती भरून काढायला टोकाशी माझा पंजा टेकवला, तर टेपला दीड बोट जास्त निघालं. माझी वीत मोठी आहे. तिथे बरोबर आठ इंच लागतात.

जूनच्या शेवटच्या शनिवारी नव्या गवतावर पहिली रेघ मारायची आहे. सकाळी सातला ये. दुसरं टोक तू धर.

राग संपला असं समजू नकोस. पण तू आल्याशिवाय रेघ मारणार नाही.

तुझा दादा