आधी दुखणं, मग स्तोत्र

अम्मा, पुढच्या रविवारी इथल्या मंडळीतल्या बायकांनी मला बोलायला उभं केलं आहे. विषयही त्यांनीच दिला : संकटातही ख्रिस्ती माणसाने आनंदी कसं राहावं. 'सिस्टर, तुम्हाला कधी तोंड पाडून बसलेलं पाहिलं नाही, तुम्हीच बोला,' म्हणाल्या, आणि मी हो म्हणून बसले. सगळा जन्म नर्सच्या नोकरीत गेला, हसरा चेहरा अंगवळणी पडलाय, त्यात माझं कौतुक ते काय. पण तीन दिवस झाले, कागद समोर आहे आणि 'प्रिय भगिनींनो'च्या पुढे शब्द उतरत नाही. प्रत्येक वाक्य तुझ्यापाशी येऊन अडतं. म्हटलं, आधी तुलाच लिहून टाकावं. तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या बोललेल्या आपल्या घरच्या मराठीत लिहायला गेले तर हात चालत नाही. ती आपली नुसती बोलायची भाषा. मी शिकायला महाराष्ट्रात आले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझं बोलणं ऐकून पोट धरधरून हसायच्या, म्हणायच्या, ही बखरीतून उठून आली. मग हट्टाने इथली मराठी शिकले, आणि आता तीच हाताशी उरली आहे. तू चालवून घे.

तुला आठवायला गेलं की चेहऱ्याच्या आधी तुझा डावा पाय आठवतो, राग मानू नकोस. कुंभकोणम् दोन गोष्टींसाठी ओळखलं जायचं, कॉफी आणि पाय. आपल्या गल्लीत किती जणांचे पाय हत्तीसारखे सुजलेले होते, कुणाला त्याचं नवल नव्हतं. पण बाकीचे ओट्यावर बसून असायचे आणि तू चालायचीस. मिशनच्या वतीने घरोघरी जाऊन बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, हे तुझं काम. पांढरं लुगडं, खांद्याला पिशवी, पायाला जुन्या धोतराच्या पट्ट्या. मेलकावेरीच्या गल्ल्या करून उन्हाचीच तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेला लागायचीस. अमावास्या जवळ आली की तुला थंडी वाजून ताप भरायचा, पाय लालबुंद व्हायचा, आणि तू चटईवर दात आवळून पडून म्हणायचीस, 'परवाइल्ले.' काही हरकत नाही. अप्पा पटकीने गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि धाकटी अंगावर पीत होती. तेव्हाही म्हणे तू हेच म्हणालीस. मिशनच्या गोऱ्या मॅडमला तुझं फार कौतुक. आपल्या ख्रिस्ती देवळात तुला सगळ्यांपुढे उभं करून तुझ्या चेहऱ्याकडे बोट दाखवायच्या. मला तेव्हा अभिमान वाटायचा, आणि पायाची लाजही वाटायची, दोन्ही एकदमच.

आपल्या घरचा नियम इथे कुणाला सांगितला तर खरा वाटणार नाही. दिवे लागले की जेवणाआधी आपण तिघी चटईवर बसायचो आणि प्रत्येकीने त्या दिवसाचं एक स्तोत्र म्हणायचं. गाणं नव्हे, ज्याबद्दल प्रभूचे आभार मानायचे ती एक गोष्ट, आणि शेवटी 'स्तोत्रम्'. तक्रार तिथे चालत नसे. एकदा मी म्हटलं, रस्सम आंबटढाण झालं होतं तरी गिळलं, स्तोत्रम्. तू डोळे उघडलेस. 'कुरकुर करायला बसलीस प्रभूपुढें? ऊठ. हासत बसणार असलीस तर बस.' मी उठले नाही, पण तो शब्द लागला. धाकटीला मात्र हा खेळ फार जमायचा. सात वर्षांची पोर, पण रोज नवं काही शोधून आणायची. 'वण्णाराच्या गाढवानें मजला लाथ मारली नाहीं, स्तोत्रम्.' धोब्याच्या गाढवाचं ऐकून तुला हसू आवरायचं नाही. दात पडला तरी तिचं स्तोत्र, पाटी फुटली तरी स्तोत्र. तू म्हणायचीस, हिला कळलें, थोरलीला कधीं कळणार.

पोंगल होऊन गेला होता. आपल्या देवळातला सुगीचा सण जवळ आला होता, लोक भाताच्या लोंब्या, केळीचे घड आणून ठेवायला लागले होते. सकाळी विहिरीवर मी पाणी ओढत होते आणि ती कट्ट्यावर पोटाशी गुडघे घेऊन बसली होती. म्हणाली, 'अक्का, पोटांत दुखतें ग. फार दुखतें. अम्माला सांगूं?' मी म्हटलं, 'अम्माचा पाय पाहिलास? ती कधीं सांगते काय? उगें रहा.' ती उगी राहिली. न्याहारीला तिने तिची डोसै माझ्या पानात सरकवली आणि मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर ती कमरेत वाकून, उजवीकडे हात दाबून चालत होती. वाटेत कुणी ओळखीचं दिसलं की सरळ व्हायची, हसायची. ते मला आजही दिसतं आहे, मी चार पावलं पुढे आहे आणि मागे वळून म्हणते आहे, लवकर चल.

त्या संध्याकाळी चटईवर बसलो. आधी तुझं स्तोत्र झालं, मग माझं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, पण मोकळा दिसत होता. ती म्हणाली, 'माझ्या पोटाचें दुखणें थांबलें. स्तोत्रम्.' तू दचकलीस. 'दुखत होतें? कधींपासून? मजला कां ग सांगितलें नाहींस?' तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. 'दुखणें सांगायचें नाहीं न, अम्मा. आतां थांबलें कीं.' तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. 'पाह, प्रभूनें ऐकलें,' म्हणालीस, आणि आपण तिघींनी गाणं म्हटलं. ती हळू आवाजात म्हणाली. चटईवरून उठताना तिने भिंत धरली.

सकाळी तिचं अंग भाजत होतं आणि पोट फळीसारखं कडक झालं होतं. शेजाऱ्यांनी घोड्याचा जटका आणला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ते तुझ्यावर रागावले, 'दोन दिवस आधी का आणलं नाही? पोरीने काही सांगितलं नाही?' तू पदर नीट करून, खाली बघून म्हणालीस, 'आमच्या घरीं दुखणें सांगत नाहींत, सार.' मी बाजूला उभी होते. तमिळमध्ये बोललीस, पण अर्थ शब्द न् शब्द हाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुढे शिकायला आल्यावर एकदा वर्गात बाई सांगत होत्या की आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटलं की दुखणं अचानक थांबतं, रोग्याला बरं वाटतं, घरच्यांनाही वाटतं टळलं, आणि तिथेच घात होतो. मी वही मिटून वर्ग अर्ध्यावर सोडून गेले. सगळ्यांना वाटलं, पोरीला रक्ताबिक्ताची भीती दिसते, ही काय नर्स होणार.

तिला पुरलं तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. येणाऱ्याला तू पाट देत होतीस, हसून बोलत होतीस. मंडळीतले लोक एकमेकांत म्हणत होते, विश्वास असावा तर असा. मॅडमनी तुझा हात हातात धरून तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मेलकावेरीहून अप्पांची थोरली भावजय आली. अप्पांनी बाप्तिस्मा घेतल्यापासून त्या घरातलं कुणी आपली पायरी चढलं नव्हतं. त्यांच्याकडे दर एकादशीला विठ्ठलाचं भजन, त्यांना आपला विटाळ. ती दारात थबकली, मग आत आली. तू तिलाही हसून म्हणालीस, 'परवाइल्ले, वैनी. प्रभूनें दिलें, त्यानेंच नेलें.' तिने तुझे दोन्ही खांदे धरले. 'काय परवाइल्ले? लेंकरूं गेलें तुझें! तोंड उघडून रड ग बाई. रडूं नको म्हणतो काय तुझा देव?' तुझं तोंड उघडलं. मग जो आवाज आला तो मी तोवर कधी ऐकला नव्हता आणि पुढे आयुष्यभर वॉर्डांत बायकांच्या तोंडून ऐकत राहिले. दिवेलागणीपर्यंत तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस. ती आपल्या घरचं पाणी न पिता गेली, पुन्हा आली नाही. पण त्या दिवशी आपल्याला जर कुणी वाचवलं असेल तर तिने.

त्यानंतर आठवडाभर प्रार्थनेला बसलोच नाही. मग एका संध्याकाळी तू चटई घातलीस. आता दोघींचीच. मी डोळे मिटून स्तोत्र शोधायला लागले तर तू म्हणालीस, 'थांब. आधीं दुखणें, मग स्तोत्र. आज काय दुखलें तें सांग.' मग तूच सुरू केलंस. 'माझा पाय दुखला. सन्निधीच्या गल्लींत घराच्या पायऱ्या चढतांना रडूं आलें. धाकटी दुखली. मी तिला हासायला शिकवलें, माझ्या नियमानें लेंकरूं गेलें, तें दुखलें.' नंतर तू पिशवीतलं पवित्र शास्त्र मांडीवर घेतलंस. मग म्हणालीस, 'प्रभु आपल्या मित्राच्या थडग्यापाशीं रडला होता. इतकीं वर्षें वाचून दाखवलें, मजला दिसलें नाहीं. आज दिसलें. स्तोत्रम्.' तो आपला नवा नियम झाला. तू ज्या घरांत वाचायला जायचीस तिथेही आधी पुस्तक उघडेनाशी झालीस. बसायचीस आणि विचारायचीस, काय दुखतें. ज्या बायका तुझ्यापुढे वर्षानुवर्षं नुसत्या माना डोलवायच्या त्या बोलायला लागल्या. मॅडमना ते फारसं रुचलं नाही, तुझा चेहरा पूर्वीसारखा दाखवण्याजोगा राहिला नव्हता. पण हळूहळू तुझं हसू परत आलं, अम्मा, आणि ते खरं होतं. पहिलं हसू तू चेहऱ्यावर धरून ठेवायचीस. हे रडून झाल्यावर आपसूक यायचं, कधी कधी नाक पुसता पुसताच. या वयात मला जर आनंदाबद्दल काही कळलं असेल तर ते एवढंच, आणि तेही तुझं पाहून.

पण रोज संध्याकाळी, आठ वर्षं, तू मला विचारत होतीस, काय दुखलें, आणि मी सांगत होते : शाई सांडली, बोट कापलं, मैत्रीण बोलली नाही. रोज तुझ्या तोंडून ऐकत होते, माझ्या नियमाने लेंकरू गेलं. मी एकदाही म्हटलं नाही, की तसं नाही. शेवटची भेटायला आले तेव्हा तुझ्या पायाची जखम चिघळली होती, खोलीला वास येत होता. मी पट्टी बदलली, नर्सचा हसरा चेहरा ठेवून. तू म्हणालीस, 'तुझें काय दुखतें?' मी म्हटलं, पाय दुखतात, ड्यूटी फार असते. 'आणखी?' काही नाही. तू माझा हात धरून म्हणालीस, 'बरें. स्तोत्र सांग मग.' मी काहीतरी सांगितलं. पुढच्या महिन्यात तार आली.

तू गेल्यावर मी तुझ्यावर चिडून होते, फार वर्षं. तुझा नियम, तुझं परवाइल्ले, सगळ्यावर. ज्यांना कधी सांगितलं त्यांनाही तसंच सांगितलं, की आमच्या घरात दुखणं बोलायची बंदी होती म्हणून बहीण गेली. ऐकणारे हळहळायचे. वर विहिरीवरचं लिहिलं तेव्हाही मी तसंच लिहिलं, तुझ्या पायाचं नाव पुढे करून. मी ते बोलले हे खरं आहे, पण तुझा पाय माझ्या मनातसुद्धा नव्हता. त्या दुपारी सुगीच्या सणाच्या गाण्यांचा सराव होता आणि एक कडवं मला एकटीला दिलं होतं. ती आजारी ठरली असती तर तू कामावर गेल्यावर तिच्याजवळ मला बसावं लागलं असतं. म्हणून उगें रहा म्हटलं. सरावाला गेले, छान म्हटलं, बाईंनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशीही गेले. तिला ते माहीत होतं, आणि चटईवर तुझ्यासमोर तिने माझं नाव घेतलं नाही.

तुझ्या नियमाने नाही गेली, अम्मा. तिने मला सांगितलं होतं.

बायकांपुढे रविवारी काय बोलेन ते अजून ठरलेलं नाही. हा कागद पवित्र शास्त्रात, कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवते. तुला धाडायला टाकायचा तरी कोणत्या टपालपेटीत. तू विचारलं होतंस ना, आणखी काय दुखतें. हे दुखतें. स्तोत्राला थोडा वेळ दे.