चिंचेखाली काहीच न करता

...तर त्या सोमवारी सकाळी मी सडा टाकला, म्हशीची धार काढली, चूल पेटवली आणि सवयीनं दोन कप चहा केला. (दुसरा म्हशीच्या आंबोणात ओतला. तुमचे भाऊ जाऊन तीन वर्षं झाली, तिलाही आता साखरेची चटक लागलीय.) वन्सं, घाईत तुम्हाला वाकून नमस्कार करायचा राहिलाच. भोकरला थंडी कशी आहे? गुडघे काय म्हणतात? सांगण्यासारखं इतकं साचलंय की कुठून धरू कळेना.

त्याच दिवशी अहमदपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं आणि म्हणाल्या, गोळी घ्याच, पण रोज तासभर शेतात झाडाखाली काहीच न करता बसा. मी विचारलं, भाजी निवडली तर? नको. जप? तोही नको. मंगळवारी बांधावरच्या चिंचेखाली जाऊन बसले, जिथं तुमचे भाऊ रोज दुपारी बसायचे आणि मी तीस वर्षं त्यांना बोल लावायची. पाव तास झाला नसेल, आपलं शेत बटईनं करणारा अण्णाराव पळत आला. "काकू, माझं काही चुकलं का ओ?" नाही म्हटलं तर त्याचा चेहरा आणखीच उतरला. मग शेजारच्या सिद्धम्मानं डोक्यावरचा गवताचा भारा टाकला. "सून काय बोलली का गं?" सून लातूरला आहे, म्हटलं. "मग फोनवर बोलली आसंल!" बघता बघता नऊ माणसं जमली. एकानं चहा आणला, एकीनं तळपाय चोळले, आणि दोघं मी आणि विहीर यांच्या मधोमध येऊन उभे राहिले. (मला आधी कळेना, कळलं तेव्हा हसू आवरेना, आणि हसले म्हणून सगळे जास्तच घाबरले.) कुणीतरी कळवलं आणि दोन तासांत तुमचा भाचा वैजनाथ लातूरहून गाडी घेऊन हजर. बीपी सोमवारपेक्षा जास्त!

बुधवारी मी हातात खुरपं घेऊन गेले. वन्सं, काय सांगू! कुणी एक शब्द विचारला नाही. खुरपं घेतलेल्या बाईनं तासभर आभाळाकडं पाहिलं तरी लोक रामराम घालून पुढं जातात. आठ दिवस झाले. करडई पिवळी झालीय. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब हाताला लागते. तारेवर एक वेडा राघू येतो, उडतो, माशी धरतो, परत त्याच जागी बसतो. त्याला कुणी विचारत नाही, घरी काही झालं का म्हणून. मला वाटायचं तुमचे भाऊ आळशी आहेत. वन्सं, ते कामात होते.

तुमची वहिनी,
सिंधु

ता. क. बीपी उतरलंय, पण वैजनाथ ऐकत नाही. पुढच्या रविवारी मला कायमचं लातूरला न्यायचं म्हणतो. पाचवा मजला. गॅलरीत माझ्यासाठी प्लॅस्टिकचं गवत अंथरलंय म्हणे. तो फक्त तुम्हाला भितो. त्याला फोन करा आणि आई बरी आहे, तिथंच राहू दे, असं दरडावून सांगा. (मी हे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही, कारण सिद्धम्मा त्या दिवसापासून माझ्या पहाऱ्यावर आहे.) खुरप्याचं सांगू नका.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. काल सिद्धम्मा म्हणाली, "आठ दिस झाले खुरपून राहिलीस, गवत हाय तेवढंच कसं?" खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मी बी येते." आज ती आपलं खुरपं घेऊन आली. एक खुरपं दोघींना पुरतं, म्हणून मी माझं घरीच ठेवलं आणि दोघी चिंचेखाली तासभर बसलो.