ओसाकाचे आठ दिवस

२ नोव्हेंबर, रविवार
अश्विनीचं जवळजवळ ठरलं. मुलगा श्रीनिधी, बेंगळुरूत तिच्याच ऑफिसात. वडील सटवाजीराव, बेलूरच्या कारखान्यातून रिटायर, मूळचे अळणावरकडचे. माणूस सरळ. बोलता बोलता मी ओसाकाचा विषय काढला, तर एकदम खूश! म्हणाले, इथे हुबळीतच उणकलला नवीन जपानी हॉटेल झालंय, पुढच्या रविवारी दोन्ही घरं तिथेच जेवू, कसं खायचं ते तुम्ही शिकवा. मी म्हटलं, होय की, त्यात काय!

मी जपानला गेलो नाही असं कुणी म्हणू शकत नाही. २००९ साली साडी कंपनीने डीलर लोकांना नेलं तेव्हा माझ्या नावाचं तिकीट निघालं होतं. कागदांत घोळ झाला आणि ते आठ दिवस बेंगळुरूत मावसभावाकडे गेले, ही टेक्निकल बाब. ओसाकाची बाहुली शोकेसमध्ये उभी आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार
चॉपस्टिकची प्रॅक्टिस सुरू. चॉपस्टिक नाहीत म्हणून बायकोच्या, रेखाच्या, विणकामाच्या सुया. शेवयांच्या उपम्यातल्या तीन शेवया उचलल्या. चौथी चष्म्यावर. बाही सैल होती.

अश्विनीचा फोन. अप्पा, येत नसेल तर येत नाही म्हणून सांगा, कोणी हसणार नाही, म्हणाली. पोर भोळी आहे. बापच थापाड्या निघाला तर त्या घरात तिची काय किंमत राहील? मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुकानात
गिऱ्हाईक नव्हतं. व्हिडिओ लावला. पदार्थाचं नाव त्सुकेमेन. जाडजूड नूडल्स गार, एका बशीत. घट्ट गरम रस्सा वाटीत. घास उचलायचा, रश्श्यात बुडवायचा, ओढायचा. हात्तिच्या! भाकरी कालवणात बुडवतो तेच की. व्हिडिओ अठरा मिनिटांचा, चौदा पाहिला, मग जरा डोळा लागला. शेवटी काय असणार, बिल.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९
ठराव: कमी बोलायचं. ओसाकाचा उल्लेख दोनदाच.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५
लिहू नये असं वाटतंय.

सुरुवात झकास झाली. सहा जण, सहा मशरूमचे त्सुकेमेन, ऑर्डर मीच दिली. शांताक्का, म्हणजे सटवाजीरावांच्या मिसेस, काड्या बघूनच घाबरल्या. मी त्यांना धीर दिला. काय कसं बुडवायचं, ओढताना आवाज झाला तरी चालतो, सगळं सांगितलं. ओसाकाचा उल्लेख पाच वेळा झाला, पण विषयच तसा निघत गेला. सटवाजीराव माझ्याकडे बघून बघून खात होते. मी थांबलो की थांबत होते.

नूडल्स संपले. वाढणाऱ्या बाईने प्रत्येकापुढे एकेक छोटी वाटी आणून ठेवली. स्वच्छ गरम पाणी, वर लिंबाची चकती. आता हुबळीच्या माणसाला हे काय सांगायला पाहिजे? मी बाह्या सारल्या, वाटीत बोटं घातली, लिंबू चोळलं आणि म्हटलं, धुवा, संकोच करू नका.

लगेच अश्विनीने हात घातला. मग श्रीनिधीने. मग शांताक्का, रेखा. सटवाजीरावांनी तर मनगटापर्यंत.

बाई धावत आली. कानडीत म्हणाली, अण्णा, हे हात धुवायचं नव्हे. हा साधा रस्सा. उरलेला घट्ट रस्सा खारट असतो, त्यात हा ओतून पातळ करून प्यायचा.

इथे गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. मी म्हणालो, ओसाकाला हातच धुतात. ती बिचारी आत विचारायला गेली. स्वयंपाकी दोन वर्षं ओसाकाला होता म्हणे. परत आली आणि म्हणाली, नाही म्हणतायत.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं. सटवाजीराव नॅपकिनने सावकाश एकेक बोट पुसत होते. साकु बिडरी, पुरे, सोडा आता, हात स्वच्छ झाले ते झाले, म्हणाले. मी टेबलाकडेच बघत राहिलो. लाज वाटली. फार वाटली.

१० नोव्हेंबर, सोमवार
दुकान उघडलं नाही. पोट बिघडलंय, असं रेखाला सांगितलं. मशरूमचा दोष.

वाटीवर लिंबू ठेवायचंच कशाला? माणूस फसणारच. हॉटेलला कडक पत्र लिहायचं.

दुपारी रेखाने सांगितलं, अश्विनी आणि श्रीनिधी बेंगळुरूत दर शनिवारी हेच खातात. तिथेच त्यांचं जमलं.

म्हणजे अश्विनीला माहीत होतं. वाटी कशाची ते माहीत होतं, आणि माझ्या पाठोपाठ पहिला हात तिचाच.

पत्र लिहिलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
अश्विनी आज बेंगळुरूला परत जाणार. सकाळी तिला हॉलमध्ये बसवलं आणि सांगून टाकलं. ओसाका नाही. विमान नाही. मावसभावाच्या घरी आठ दिवस कॅरम खेळलो.

ती म्हणाली, ठाऊक आहे अप्पा.

कधीपासून, विचारलं. चौथीत असल्यापासून, म्हणाली. बाहुली शाळेत दाखवायला न्यायची होती. तिच्या तळाशी बेंगळुरूच्या दुकानाचं लेबल होतं, ते आधी नखाने खरवडून काढलं. कोणी तुम्हाला काही बोलायला नको म्हणून, म्हणाली. आणि बॅग भरायला आत गेली.

सटवाजीरावांना फोन लावला. खरं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, साखरपुड्याची तारीख काढू, जेवण खानावळीत ठेवू.

बाहुली शोकेसमधून काढून उलटी केली. सोळा वर्षांत कधी केली नव्हती. डिंक काळा पडलाय. त्यावर नखाचे ओरखडे आहेत, बारीक बारीक, पुष्कळ. लेबल सहज निघालेलं नाही. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.