मंजुळाक्काचा डावा हात

॥ श्री ॥
हट्टा, भाद्रपद वद्य ३, शके १८६२

चि. किसन यास मंजुळेचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पावलं. आईचा खोकला कमी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे मुगाच्या शेंगा तोडून झाल्या.

आता एक सांगते, हसायचं नाही. इथल्या शाळेच्या रुख्मिणीबाई पोरींना टिपऱ्या शिकवतात. दसऱ्याला देवळापुढे खेळ आहे. तुझ्या भाचीला, शालूला पोचवायला मी जायची आणि भिंतीला टेकून बसायची. परवा एक पोरगी मामाच्या गावी गेली, जोडी तुटली. बाईंनी विचारलं, कोण येतं? माझा हात आधी वर गेला, विचार मागून आला. तुझी चाळीस वर्षांची बहीण दहा-बारा वर्षांच्या पोरींच्या रिंगणात उभी राहिली. तुझे दाजी म्हणाले, जा की, पण गुडघे दुखले तर तेल मी चोळणार न्हाई.

मी आजवर एकदाही खेळले नाही. पंचमीला बाया फेर धरतात तेव्हाही आपापली लेकरं माझ्या मांडीवर टाकून जातात. यंदा एकदा तरी खेळायचंच, एवढं मनात आहे.

लोभ करतोस तसाच कर, चेष्टा जरा कमी कर.

तुझी,
मंजुळाक्का

आखाडा बाळापूर, भाद्रपद वद्य ९

ती. सौ. अक्कास किसनचे कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी इतका हसलो की आई विचारू लागली, काहून दात काढून राहिला. नाव कितव्या वर्गात घातलंस? शालूनं तुझ्या वेणीला रिबीन बांधली की नाही? दाजींना म्हणावं, तेलाची बाटली बाळापूरच्या बाजारातून मीच धाडतो.

आईला घेऊन इतका प्रवास होणार नाही, म्हणून दसऱ्याला येणं जमत नाही. खेळ कसा झाला ते सविस्तर लिही. थोरल्या बहिणीची माया आहेच, ती या हसण्यानं आटू देऊ नको.

तुझा,
किसन

हट्टा, आश्विन शुद्ध १

चि. किसन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज घट बसले. रिबिनीची गोष्ट शालूला फार आवडली. माझं मात्र काही खरं नाही. पाय ताल धरतात, उजवा हात बराबर चालतो. डावा दोन टोले झाले की आपोआप कमरेवर जाऊन वाकडा बसतो, आणि बाजूच्या पोरीची टिपरी हवेत जाते. भाकरी थापताना, पाणी शेंदताना मी त्याला बजावते, ऐकत नाही. वर चार लहान पोरी मला बघून तसाच हात ठेवू लागल्या. त्यांना वाटलं, मोठी बाई करते म्हणजे खेळ असाच असणार. बाईंनी कपाळाला हात लावला.

काल त्या म्हणाल्या, अष्टमीपर्यंत हात सुटला तर ठीक, नाहीतर दसऱ्याला तुम्ही बसून बघा. त्यांचं चुकलं नाही. पण मी चुलीपुढे बसून रडले. आजवर बसूनच बघितलं आहे.

आईला नमस्कार सांग, आणि माझ्या नावानं देवीपुढे एक फूल ठेव.

तुझी,
मंजुळाक्का

आखाडा बाळापूर, आश्विन शुद्ध ४

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

टपालाचा भरवसा नाही म्हणून हे पत्र हट्ट्याकडे निघालेल्या गाडीवाल्याच्या हाती देतो.

या वेळी मी हसलो नाही. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. डाव्या हाताचं आलं तशी तिनं मला थांबवलं. मग म्हणाली, तो हात कसा सुटंल, त्याच्यावर तू होतास. आई रानात जायची आणि नऊ वर्षांची तू मला डाव्या कडेवर घेऊन फिरायचीस. खाली ठेवलं की मी गाव डोक्यावर घ्यायचो. पोरी टिपऱ्या खेळायच्या तेव्हा तू मला घेऊन बाजूला उभी राहायचीस आणि नुसता पाय हलवायचीस. तुझं लग्न होईपर्यंत चार वर्षं असंच चाललं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी रिबिनीची चेष्टा करीत बसलो. लाज वाटली, अक्का.

आता ऐक. मी एकतीस वर्षांचा आहे, दोन लेकरांचा बाप आहे, वजनाला दोन मण भरेन. मला खाली ठेव. रडणार नाही.

लोभ मात्र होता तेवढाच असू दे.

तुझा,
किसन

हट्टा, आश्विन शुद्ध ११

चि. किसन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपट्याचं पान पत्रात घातलं आहे, ते आईच्या हाती दे.

तुझं पत्र सप्तमीला मिळालं. दुसऱ्या दिवशी रिंगणात जाण्याआधी मी पडवीत एकटीच वाकले आणि तुला जमिनीवर ठेवल्यासारखं केलं. शालूला वाटलं, काही सांडलं. त्या दिवशी हात सुटला. बाईंनी पोरींमध्ये माझी जागा दाखवली.

काल मी खेळले, किसन. सगळं गाव होतं, तुझे दाजी सगळ्यांच्या पुढे उभे होते. दोन फेऱ्या एकही टिपरी हवेत गेली नाही. शेवटच्या फेरीला ढोलकी वाढली, माणसं पुढे सरकली, आणि डावा हात पुन्हा कमरेवर आला. मी राहू दिला. एवढ्या गर्दीत तुला खाली कसं ठेवू?

तुझी,
मंजुळाक्का