सहा नंबरचा ब्रश

सोलापूर,
३ ऑगस्ट १९७४

प्रिय महादेवप्पा यांस,

महिपतीचा नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे ते मागाहून विचारीन. आधी माझ्यावर झालेला अन्याय ऐका.

तुम्ही रजा टाकून बार्शीला भावाकडे गेलात, तेव्हा शिक्षकांच्या खोलीतली तुमची खिडकीजवळची खुर्ची वारसाहक्काने माझ्याकडे येईल अशी माझी समजूत होती. ती गेली विज्ञानाच्या नव्या मास्तरांकडे. का, तर त्यांना घाम फार येतो. मला बसवलंय बरोबर पंख्याखाली. हा पंखा वारा देत नाही, तेल देतो. तासाला एक थेंब, नेमका माझ्या टकलावर. आयुष्यभर मराठी शिकवल्याबद्दल शाळेने मला रोजची मालिश मंजूर केली आहे. मी लेखी तक्रार केली, तर हेडमास्तर म्हणाले, खुर्ची जरा सरकवा. इतकं निर्दय उत्तर मला बायकोनेही कधी दिलेलं नाही.

बाकी शाळेचं बरं चाललंय. तेलाच्या पेढीवाल्यांचा चन्नवीर तिसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झाला. त्याच्या वडिलांनी अख्ख्या शाळेला पेढे वाटले. पहिल्याच दमात पास झालेल्यांच्या घरून चिमूटभर साखरही आली नाही. आपला कोंडीबा शिपाई म्हणतो, "पोरं नापास होन्यातच शाळेचा फायदा हाय की." कोंडीबाला हेडमास्तर करावं हे माझं जुनं मत आहे.

तुमची नीलम्मा शाळेत पहिली आली, हे मी तुम्हाला काय सांगणार. पण दारातल्या त्या सन्मानफलकावर आजवर एकाही मुलीचं नाव नाही, एवढं ध्यानात आणून देतो.

तर तो फलक. दरवर्षी चौदा ऑगस्टला तुम्ही स्टुलावर चढायचं, पहिल्या आलेल्याचं नाव पांढऱ्या रंगात लिहायचं, कोंडीबाने स्टूल धरायचं, आणि मी खाली उभा राहून "वर चाललंय, आता खाली आलं" अशा खोट्या सूचना देऊन तुमचं डोकं फिरवायचं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं की त्या पोराला फलकाखाली उभं करून हार घालायचा. सगळी नावं एका हातची.

यंदाही या, म्हणून मी लिहिलं. तुमचं कार्ड आलं की शेतीची कामं आहेत, जमणार नाही. महादेवप्पा, बार्शीत तुमची शेती म्हणजे भावाच्या खिडकीतली तुळस. आणि कार्डावरचं अक्षर नीलम्माचं. परीक्षा देऊन ती इथल्या आत्याकडून तुमच्याकडे आली, तेव्हापासूनची सगळी कार्डं तिच्याच अक्षरातली. त्याआधी कार्डच नव्हतं. आम्ही ती खोलीत मोठ्याने वाचतो आणि अक्षराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमच्यासारख्या तोंडाळ माणसांना हे किती जड जातं याची कल्पना करा.

हेडमास्तर नवे. त्यांनी पेंटर बोलावला. आला कोण, तर ज्ञानबा. आठवतो ना, गणितात भोपळा आणि तुमच्या तासाला राजा. आता थेटरांचे बोर्ड रंगवतो आणि खलनायकाला नायकापेक्षा देखणा काढतो. चहा पिऊन ऐटीत स्टुलावर चढला आणि नाव काय लिहायचं म्हणाला. कोंडीबाने सांगितलं, नीलम्मा महादेवप्पा. ज्ञानबाचा हात तिथेच थांबला. आपल्या ड्रॉइंगच्या गुरुजींची पोरगी का, म्हणून त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरला.

"ह्या नावाला म्या ब्रश न्हाय लावायचा, सर. गुर्जी कुटं हायेत?"

मी म्हटलं, बार्शीला, शेती बघतात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. दिवाळीत तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ही बातमी पेठेत कुणाला ठाऊक नाही?

मग ज्ञानबा पुन्हा चढला, खडूच्या दोऱ्याने शेवटच्या नावाखाली दोन रेघा उठवल्या, पहिलीतल्या पोराला पाटीवर आखून देतात तशा. "मागनं पुसल्या तरी चालतंय," म्हणाला आणि आणखी एक चहा पिऊन गेला. मजुरी घेतली नाही.

परवा नीलम्मा दाखला न्यायला आली. त्या रेघांखाली बराच वेळ उभी राहिली. हार कसला आणायचा म्हणून मी थट्टा केली, तर म्हणाली, "दुसऱ्यानं नाव लिहिलं तर मी पंधराला यायची न्हाई, सर." मग म्हणाली, "अप्पा डाव्या हातानं पाटीवर माझं नाव गिरवत बसतेत. मी घरात आले की पुसतेत."

हे मी तुम्हाला कळवलं, असं तिला सांगू नका.

हेडमास्तरांनी चौदाच्या संध्याकाळपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर ते परगावचा पेंटर आणणार, ज्याला ना तुम्ही ठाऊक ना ती.

नाव वाकडं येईल. येऊ द्या. या शाळेत सरळ काय आहे? पंखा का माझी खुर्ची? इतक्या सरळ नावांखाली एक वाकडं दिसलं की लोक विचारतील, आणि कोंडीबा तिखटमीठ लावून सांगत बसेल. निवृत्त झाल्यावर त्यालाही काही उद्योग हवा.

चौदाला सकाळच्या एस.टी.ने या. यंदा स्टूल मी धरतो. खोट्या सूचना देणार नाही, निदान पहिल्या अक्षराला तरी.

आणखी एक. दोन वर्षांमागे माझ्या घराच्या दारावरची पाटी रंगवायला तुमचा सहा नंबरचा ब्रश मी नेला होता. तुम्ही दर आठवड्याला मागायचात, मी दर आठवड्याला उद्या आणतो म्हणायचो. तो रॉकेलमध्ये भिजवून, साबणाने धुऊन, केस विंचरून, कोंडीबाचा भाचा बार्शीच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती या पत्रासोबत देतो आहे. पोच नको. चौदाला तुमच्या हातात दिसला की पावला.

दांडीला सुतळी गुंडाळून ती जाड केली आहे. डाव्या मुठीत घसरू नये म्हणून.

तुमचा,
महिपती