पहिल्या मजल्यावरचा समुद्र

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.४०
जुन्या बनियनने टाकीच्या काचा पुसतो आहे. ताई आणि भावजी झोपलेत, म्हणून हळूच. आजपासून आयुष्याला वळण.

प्लॅन साधा. खाली घरमालकांचा दाताचा दवाखाना. डॉक्टरांना वेटिंगरूममध्ये समुद्री माशांची मोठी टाकी हवी आहे, कारण मासे बघत बसलेला पेशंट पळून जात नाही. टाक्या बसवणारी कंपनी फार पैसे सांगते. मी म्हटलं, मी करतो, दर महिन्याची देखभालही करतो. डॉक्टर म्हणाले, आधी स्वतःच्या खोलीत एक मासा महिनाभर जगवून दाखव, मग काम तुझं.

भावजींनी मला एप्रिलअखेरची मुदत दिली आहे. तोवर काम, नाहीतर दुसरीकडे खोली. म्हणजे मासा तरला तर मी तरलो.

टाकी भंगारवाल्याकडची. आधी बेकरीत पाव ठेवायला होती. किंमत साडेचारशे. त्याने विचारलं, पाणी भरणार का? हो म्हटल्यावर आपणहून पन्नास कमी केले. जगात चांगली माणसं आहेत.

५ फेब्रुवारी
स्टँडचे पैसे वाचवले. ताईच्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा बरोबर मापाचा निघाला. मशीन कॉटखाली नीट गुंडाळून ठेवलं. ताई म्हणाली, विचारायचं तरी. मी म्हटलं, विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. त्यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली. म्हणजे पटलं.

सांगाड्याचा एक पाय आखूड आहे. खाली काड्यापेटी सरकवली. आता लेव्हल.

८ फेब्रुवारी, रविवार
पाणी भरलं. १२० लिटर. मासेवाल्या दुकानदाराकडून समुद्री मीठ सुटं आणलं, पाकिटापेक्षा स्वस्त. खारटपणा मोजायचं यंत्र त्याच्याकडेच जुनं मिळालं. काटा अडकतो, पण टिचकी मारली की चालतो.

भावजींनी विचारलं, वजन किती झालं? दगड धरून दोन दांडगी माणसं, म्हटलं. जमिनीला पेलेल का, डॉक्टरांना विचारलंस? मी म्हटलं, दोन पाहुणे आले तर आपण त्यांना वजनकाट्यावर उभं करतो का? भावजी म्हणाले, पाहुणे परत जातात.

कोपऱ्यातल्या सांध्यात केसाएवढी रेघ दिसते. काचेचा ओरखडा असावा.

१२ मार्च, गुरुवार. सायंकाळी ७
पाणी माशाला मानवेपर्यंत दुकानदाराने थांबायला सांगितलं, तेवढं थांबलो. आज मासा आणला. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. भावजी म्हणाले, घरात फुकट खाणारा एक होता, आता दोन झाले. दुर्लक्ष केलं. महिना १२ एप्रिलला पुरा.

१५ मार्च
पाणी रोज दोन बोटं उतरतं. कारण बाष्पीभवन. (शुद्धलेखन शब्दकोशात पाहून घेतलं.) जेवढं उतरतं तेवढंच मिठाचं पाणी मोजून घालतो. खारं गेलं तर खारंच घालायचं, हा साधा हिशोब.

२१ मार्च
डॉक्टर वर आले. दवाखान्याच्या छताला ओल धरली आहे, बशीएवढी. काय असेल म्हणाले. मी म्हटलं, बाथरूम. माशाला पाहून गेले. खूश वाटले.

नियम : डॉक्टर आले की टाकीखाली चादर लोंबती ठेवायची. सांगाडा गंजका दिसतो, इम्प्रेशन वाईट पडतं.

२४ मार्च
प्लंबरने बाथरूमची फरशी फोडली. पाइप कोरडा ठणठणीत. प्लंबर म्हणाला, काहीच सापडत नाही. बादलीने अंघोळ चालू. भावजी माझ्याकडे बघून म्हणाले, कुठेतरी पाणी मुरतंय. बाथरूमबद्दलच असावं.

२७ मार्च
दुकानात मीठ आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, इतकं मीठ कशाला? पद्धत सांगितली. तो वजन करता करता थांबला. म्हणाला, वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. वरून रोज मिठाचं पाणी घातलंस तर मासा आठ दिवसांत मरायला हवा.

मी म्हटलं, मासा टुणटुणीत आहे.

तो म्हणाला, मग मीठ कुठेतरी जातंय. घरी जाऊन जमीन बघ.

दुकानदारांना आपल्यापेक्षा हुशार गिऱ्हाईक सहन होत नाही. मासा काटक आहे, एवढंच. तरी जमीन पाहिली. टाकीखालच्या फरशीवर पांढरी पूड होती. पुसली.

२ एप्रिल
डॉक्टरांनी जिन्यात थांबवलं. खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून बसले असता वरून थेंब पडला, थेट जिभेवर. ते म्हणाले, डॉक्टर, गुळण्या आत्ताच सुरू करायच्या का?

हे सांगताना डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बाथरूमचं पाणी खारट असतं का रे? मी म्हटलं, पाइप किती जुना त्यावर असतं.

दहा दिवस. फक्त दहा दिवस.

३ एप्रिल
सकाळी पांढरी पूड पुन्हा होती. पुसली. दुपारी पुन्हा. टाकी रिकामी केली तर मासा ठेवायचा कुठे? महिना मोडतो. तेव्हा महिना होऊ दे, मग शांतपणे बघू.

७ एप्रिल
आखूड पायाखाली दुसरी काड्यापेटी घातली. पहिली कागदासारखी चपटी झाली होती. टाकीतलं पाणी डावीकडे जास्त भरलेलं दिसतं. माझी नजर तिरकी असेल.

ताई म्हणाली, जेवताना ताटं आपोआप त्या बाजूला सरकतात. काहीतरी सांगत असते.

११ एप्रिल, शनिवार. सकाळी ११.२०
उद्या महिना पुरा. डॉक्टरांना सांगायची वाक्यं पाठ करत होतो. खालून आवाज आला. मोठा नव्हता. गोणी टाकल्यासारखा. मी खाली धावलो.

दुपारी ४
छताचा गिलावा खुर्चीवर पडला. पेशंट बाई त्याच क्षणी बेसिनकडे थुंकायला उठल्या होत्या. त्यांची चप्पल खुर्चीखालीच राहिली. अनवाणी घरी गेल्या.

गवंडी आला. सळयांना खार लागलाय म्हणाला. वर कोणी राहू नये, खाली कोणी बसू नये.

टाकी बादल्यांनी उपसली. भावजींनी मदत केली.

१२ एप्रिल, रविवार
महिना पुरा. मासा जिवंत. तसं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, अट तू पाळलीस, हे खरं. मग मासा बादलीसकट तारण म्हणून घेऊन गेले. टाकी कंपनीच बसवणार. तिच्या काचा पुसायला मी जायचं, पगार छतात वळता होईल.

घर एप्रिलअखेर रिकामं करायचं आहे. भावजींनी मला दिलेली मुदत आता तिघांना.

हिशोब :
टाकी ४००. दगड २,२००. पंप आणि दिवा, जुने, १,१५०. मीठ ३,६००. मोजायचं यंत्र ३५०. मासा ९००. खाणं १५०. एकूण खर्च ८,७५०.
देणं : ताईचे ५,०००, टाकीसाठी उसने घेतलेले. प्लंबर १,८००, त्याची काही चूक नव्हती. छत ६४,०००, गवंड्याचा अंदाज, सळया उघडल्यावर वाढेल.
ताईला आणखी : मशीनचा सांगाडा, एक. ती म्हणाली, राहू दे. तरी लिहून ठेवलं.
येणं : काही नाही.
शिल्लक : मीठ, तीन किलो.